‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट मूळ नाटकाला न्याय देतो का?

तुम्ही नाटक पाहिलेलं नाही, २०१५ चा चित्रपट तुम्हाला मनापासून आवडला आणि घरातले मोठे म्हणतात की नाटकाची सर त्याला नाही. माझं मत सांगतो: गाण्याला चित्रपट न्याय देतो, पण कथेतल्या गर्विष्ठ गवयाला, खाँसाहेबांना, देत नाही.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव देशपांडे. चित्रपटात खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले, पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. पंडितजी म्हणजे पं. भानुशंकर, खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गवई. शिवाय दिग्दर्शक सुबोध भावे यांनी आधी हे नाटकच नव्या संचात रंगमंचावर आणलं होतं. म्हणूनच नाटकातलं ‘सुरत पिया की’ पडद्यावरही घरचं वाटतं. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही जुन्या पदांच्या पंगतीत शोभतात. ‘अरुणी किरणी’साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी रास्त होता.

मला सलतं ते दुसरंच. नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद पंडितजींच्या शांत ढंगात येतं आणि खाँसाहेबांच्या चपळ, तानांनी भरलेल्या ढंगातही. दोन्ही ऐकल्यावर एकाला खालचं म्हणवत नाही. ‘या भवनातील गीत पुराणे’मध्ये खाँसाहेब मवाळ, हळवे सूर राजगायकाच्या हवेलीबाहेर घालवायला निघतात, तेव्हा त्यांच्या अहंकाराइतकीच गाण्याबद्दलची एक ठाम भूमिका ऐकू येते. वसंतराव तो माणूस स्वतःच्या गळ्यातून उभा करायचे. संवाद आणि तान एकाच श्वासातून यायचे. पडद्यावर चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. सचिन पिळगांवकरांनी जीव ओतलाय, त्यांना बोल लावणार नाही. पण पटकथा मत्सर आणि कपटावर इतकी रेंगाळते की खाँसाहेबांचा कलावंत मागे पडतो. खलनायक ठरल्यावर त्यांच्या गायकीचं म्हणणं कोण ऐकणार?

चित्रपट परत जरूर बघा. मात्र त्याआधी वसंतरावांच्या आवाजातलं ‘घेई छंद’ शांतपणे ऐका. घरच्यांना काय म्हणायचं आहे, ते त्यात सापडेल.