स्किझोफ्रेनियात गट मनोशिक्षणाचा फायदा पुढे किती वर्षं टिकतो?

तुमचा प्रश्न असा आहे की भावाला रुग्णालयातून घरी सोडताना आठ बैठकांच्या मनोशिक्षण गटात (म्हणजे आजार, औषधं आणि काळजी कशी घ्यायची हे रुग्णांना एकत्र बसवून समजावणाऱ्या गटात) यायला सांगितलंय, तर एवढ्याशा बैठकांनी पुढे काही वर्षांनी फरक पडतो का.

पडतो. म्युनिकमधल्या एका अभ्यासात रुग्णांच्या आठ आणि नातेवाइकांच्या वेगळ्या आठ बैठका घेतल्या होत्या. दोन वर्षांत पुन्हा दाखल व्हावं लागलं ते गटातल्या ४१ टक्के लोकांना आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ५८ टक्क्यांना. सात वर्षांनी हेच आकडे ५४ आणि ८८ टक्के होते, आणि त्या काळात रुग्णालयात काढलेले दिवस सरासरी ७५ आणि २२५. सात वर्षांनंतरची ही माहिती फक्त ४८ जणांची आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुमच्या भावाला लावू नका.

मात्र टिकते ती माहिती नव्हे. डोपामीन हे मेंदूतलं रसायन काय करतं, असले तपशील पुढे विसरले जाऊ शकतात. टिकतं ते औषध चालू ठेवणं आणि आजार उलटण्याची चाहूल वेळेत ओळखणं.

औषधाची गोम अशी की गोळ्या बंद केल्या म्हणून दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही. काही आठवडे, कधी महिनेही बरे जातात. सुस्ती उतरते, हातांची थरथर थांबते, माणूस आधीपेक्षा ताजातवाना वाटतो. मग घरचेही म्हणतात, गोळ्यांनीच त्रास होत होता. पुढे आजार उलटतो तेव्हा त्याचा संबंध गोळ्यांशी कुणी जोडत नाही. खापर परीक्षेवर नाहीतर भांडणावर फुटतं. औषध चालू असताना वर्षभरात साधारण २७ टक्के लोकांचा आजार उलटतो, त्याजागी नुसती बिनऔषधाची गोळी दिली तर ६४ टक्क्यांचा. डॉक्टरांनी हे दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते गटातला दुसरा रुग्ण ‘मीपण तीन महिने ठणठणीत होतो’ म्हणाला की पटतं. गटाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

दुष्परिणामांचंही तसंच. पाय एका जागी ठरत नाहीत, सारख्या येरझारा चालू असतात, ही अस्वस्थता पुष्कळदा औषधाची असते. घरच्यांना मात्र वाटतं आजार बळावला. ती डॉक्टरांना नेमकी सांगता आली तर डोस किंवा औषध बदलता येतं, आणि गोळ्या परस्पर सोडून देण्याची वेळ येत नाही.

आजार उलटण्याची चाहूल देणाऱ्या खुणांचा कागद भावाने स्वतः, बरा असताना लिहावा. ‘झोप कमी होते’ एवढं पुरत नाही. ‘सलग दोन रात्री तीनपर्यंत जागा, दिवसाही पडदे ओढलेले, ताटातलं आधी हुंगून बघतो’ असं लिहिलं तर घरातल्या कुणालाही ओळखता येतं. प्रत्येक खुणेपुढे दोन गोष्टी हव्यात: हे कुणाच्या लक्षात येईल, आणि किती वेळात कुणाला फोन करायचा. एक प्रत डॉक्टरांकडे ठेवा.

आता फसतं कुठे ते. भास आणि संशय जोरात असताना गटात बसवलं तर दीड तास लक्षच लागत नाही, आणि समोरचे आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटू शकतं. आधी लक्षणं थोडी निवळू द्या. आठ-दहा जणांचा गट बरा. पंचवीस जणांपुढे तक्ते दाखवणं म्हणजे व्याख्यान, त्याला मनोशिक्षण कशाला म्हणायचं! आणखी एक, याबद्दल फारसं बोललं जात नाही: आजाराची जाणीव झाल्यावर काही जण खचतात. बैठकांच्या काळात भाऊ गप्प झाला, ‘आता काय उरलंय’ असं बोलू लागला तर आत्महत्येचे विचार येतायत का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

नातेवाइकांच्या बैठका आहेत का, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्या. घरातले टोमणे आणि सततची पाळत, दोन्हींमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, आणि तिथे काम होतं ते नेमकं यावर. भाऊ यायला तयार नसेल तर तुम्ही एकटेही जाऊ शकता.