पुढारी काढा म्हणण्याआधी मतदार यादी पाहा

भाऊ, तुमचे प्रश्न दोन आहेत. क्रिकेट मंडळातून सगळे पुढारी हाकलले तर खेड्यातल्या पोरांना न्याय मिळेल का, आणि त्यापेक्षा सरकारनंच बीसीसीआय ताब्यात घेतलं तर बरं होईल का. तुम्ही वाशीमकडचे, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं पोरांना मॅटिंगवर लेदर बॉल खेळवतो. आपलं दुखणं एकच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर श्रीलंकेनं देऊन ठेवलंय. २०२३ च्या विश्वचषकात संघ हरला, लोक चिडले, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्रीडामंत्र्यांनी मंडळ बरखास्त करून अर्जुन रणतुंगा यांच्या अध्यक्षतेखाली हंगामी समिती नेमली. रणतुंगांपेक्षा मोठा क्रिकेटपटू त्यांना कुठून मिळणार होता? तरीही १० नोव्हेंबरला आयसीसीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं, श्रीलंकेचं सदस्यत्व निलंबित केलं आणि १९ वर्षांखालील विश्वचषक तिथून उचलून दक्षिण आफ्रिकेला नेला. निलंबन उठायला जानेवारी २०२४ उजाडला. झिंबाब्वेचं २०१९ मध्ये असंच झालं. भांडण सरकारी क्रीडा आयोग आणि मंडळाचं, पण टी-२० विश्वचषकाची पात्रता स्पर्धा हुकली ती खेळाडूंची, पुरुषांची आणि महिलांचीही. पाकिस्तानात पंतप्रधान हे मंडळाचे आश्रयदाते असतात. तिथे डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात रमीझ राजा गेले, नजम सेठी आले, झका अश्रफ आले आणि मग मोहसिन नक्वी आले. सरकार बदललं की अध्यक्ष बदलणार असेल, तर पाच वर्षांचा विचार करून मैदानं बांधणार कोण?

आता पहिला प्रश्न. पुढारी काढले की झालं, हे मला पटत नाही. ज्या प्रकरणामुळे आपल्याकडे सुधारणेचा सगळा विषय निघाला, ते २०१३ चं आयपीएलमधल्या सट्टेबाजीचं प्रकरण आठवा. तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन हे राजकीय पुढारी नव्हते, उद्योगपती होते. त्यांची कंपनी चेन्नई संघाची मालक, आणि सट्टेबाजीत नाव आलं ते जावयाचं. मंडळाच्या पदाधिकाऱ्याला आयपीएलमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवता यावेत म्हणून २००८ मध्ये नियमच बदलून घेतला होता. तो बदल सर्वोच्च न्यायालयानं २२ जानेवारी २०१५ ला रद्द केला आणि त्याच निकालात न्या. लोढा समिती नेमली.

उलट बाजूही आपल्या नागपूरचीच आहे. एन. के. पी. साळवे काँग्रेसचे नेते, केंद्रात मंत्रीही राहिलेले. १९८२ ते १९८५ ते मंडळाचे अध्यक्ष होते. इंग्लंडबाहेर विश्वचषक न्यायचा हट्ट त्यांनी धरला, पाकिस्तानला सोबत घेतलं, म्हणून १९८७ चा विश्वचषक या उपखंडात झाला. त्यांच्यानंतर बऱ्याच काळानं अध्यक्ष झालेले शशांक मनोहर पेशानं वकील. २०१५ मध्ये दुसऱ्यांदा आल्यावर त्यांनी मंडळावर लोकपाल (तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी) नेमला आणि २५ लाखांवरचा प्रत्येक खर्च संकेतस्थळावर टाकायचा निर्णय घेतला. एक पुढारी, एक वकील, आणि दोघांचंही काम दिसतं. म्हणून माणसाच्या पेशावरून मी निकाल देत नाही. त्याला निवडून कोण देतं आणि तो किती वर्षं बसतो, हे मी आधी विचारतो.

लोढा समितीनं नेमकं हेच धरलं होतं. तिचा अहवाल ४ जानेवारी २०१६ चा, आणि १८ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या. मंत्री आणि सरकारी नोकर पदाधिकारी होणार नाहीत, सत्तरी ओलांडलेले नाहीत, तीन वर्षांची मुदत झाली की मध्ये विश्रांती, पदावर एकूण नऊ वर्षांहून जास्त नाही. मंडळाचा कारभार पाहणाऱ्या सर्वोच्च परिषदेत एक पुरुष आणि एक महिला खेळाडू, शिवाय महालेखापरीक्षकांचा (कॅग) एक प्रतिनिधी. राज्य संघटनांनाही लोकपाल, निवडणूक अधिकारी आणि हिशेब जाहीर करणं बंधनकारक. मंडळानं टाळाटाळ केली, तेव्हा न्यायालयानं आधी राज्य संघटनांचा निधी अडवला आणि २ जानेवारी २०१७ ला अध्यक्ष अनुराग ठाकूर व सचिव अजय शिर्के यांना पदावरून दूर केलं. महिन्याच्या शेवटी विनोद राय यांच्या नेतृत्वाखाली चार जणांची प्रशासक समिती आली. त्यातले इतिहासकार रामचंद्र गुहा चार-पाच महिन्यांतच राजीनामा देऊन गेले. जाताना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हितसंबंधांच्या गुंत्यावर आणि बड्या खेळाडूंच्या दबदब्यावर बोट ठेवलं. ते पत्र मी आमच्या मोठ्या पोरांना वाचायला लावतो, कारण खेळाडू आला म्हणजे कारभार आपोआप शुद्ध होतो हा भ्रम त्यानं जातो.

पण या सुधारणेत एक गोष्ट अशी होती की जिच्यावर विदर्भातल्या माणसानं गप्प बसू नये. ‘एक राज्य, एक मत’. कागदावर किती सरळ वाटतं! महाराष्ट्रात मात्र संघटना तीन: मुंबई, पुण्याची महाराष्ट्र, आणि नागपूरची विदर्भ. २०१६ च्या निकालानं तिघींना मिळून एकच मत उरलं, तेही पाळीपाळीनं. म्हणजे तीन वर्षांतून एकदा आपलं मत. आपला संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, अकरा जिल्हे आपल्याकडे, आणि विकासाच्या पैशात विदर्भाचा वाटा कसा आटतो हे आपण सिंचनात पाहिलेलंच आहे. क्रिकेटमध्येही तेच झालं असतं. ९ ऑगस्ट २०१८ ला न्यायालयानं ही अट बदलली आणि विदर्भ, मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, सौराष्ट्र यांचं पूर्ण सदस्यत्व परत दिलं. त्याच्या काही महिने आधी, फैज फजलच्या संघानं इंदूरला दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक आणला होता. पुढच्या मोसमात तो नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर राखला, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला. ज्या संघटनेच्या नावावर हे सगळं झालं, तिला मंडळात स्वतःचं मत असणं मी सुधारणेच्या विरोधातलं मानत नाही. जुन्या सत्ताधाऱ्यांनी या मुद्द्याचा आडोसा घेऊन बाकीच्या सुधारणाही रोखायचा प्रयत्न केला, हेही तितकंच खरं आहे.

आणि त्या रोखल्या गेल्याच, थोड्या थोड्या करून. तीन वर्षांनंतरची विश्रांती २०१८ मध्ये सहा वर्षांनंतर झाली. १४ सप्टेंबर २०२२ ला मंडळाच्याच विनंतीवरून ती राज्यात सलग सहा आणि मंडळात सलग सहा, अशी मिळून बारा वर्षांवर गेली. बारा वर्षांत बारा वर्षांखालच्या पोराचं खेळायचं वय निघून जातं. माझ्या मते २०१६ च्या निकालातली सगळ्यात कामाची अट हीच होती, आणि तीच सगळ्यात जास्त पातळ झाली.

आता मूळ मुद्दा. मंडळात मत राज्य संघटनेचं, राज्य संघटनेत मत सभासदांचं. हे सभासद कोण? तुमच्या-माझ्या तालुक्यातल्या किती जणांचा त्यात हात आहे? आपल्याकडे बाजार समितीचं उदाहरण समोर आहे. शेतकऱ्याला तिथे थेट मत २०१७ मध्ये मिळालं आणि २०२० मध्ये काढून घेतलं. मग पुन्हा सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य हेच मतदार. कापूस आणणारा वेगळा आणि मत देणारा वेगळा. क्रिकेटचंही तसंच आहे. लोढांनी खुर्च्यांवर बसणाऱ्यांचे नियम कडक केले. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना राज्य संघटनेत सभासदत्व मिळावं, दुसऱ्याच्या वतीनं मतदान बंद व्हावं, हेही सांगितलं. पण जिल्ह्यातला साधा क्लब, जिथे पोरगं खरं खेळतं, त्याला आवाज कसा मिळणार, हे राज्य संघटनेच्या घटनेवरच राहिलं. मुलगा किंवा पुतण्या खुर्चीवर बसवायला ९ वर्षांची अट आड येत नाही, यादी आपली असली की झालं.

याचा परिणाम मैदानावर दिसतो. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढला, लेदर बॉल हातात आला तो विशीच्या आसपास. नोव्हेंबर २०११ मध्ये तो विदर्भाकडून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू झाला. त्याचं कौतुक सगळे करतात, पण व्यवस्थेनं त्याला उशिरा पाहिलं हे कोणी बोलत नाही. जितेश शर्मा अमरावतीचा, दर्शन नळकांडे वर्ध्याचा. नागपूरबाहेर पोट्टे आहेत, खूप आहेत. माझ्याकडच्या दोन चांगल्या गोलंदाजांना एका जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख चाचणी होऊन गेल्यावर कळली होती. लेखी सूचना कुठेच लागली नव्हती, फोनाफोनीवर ठरलं होतं. वर दिल्ली-मुंबईत काय सुधारणा झाल्या, याचा त्या दोघांना काडीचा उपयोग झाला नाही.

गावातले ‘आमदार चषक’ पण यात धरा. दिवाळीनंतर मोकळ्या वावरात आठ-दहा दिवस दिवे लागतात, बक्षिसाची रक्कम मोठी, गर्दी मोठी. पोरांना आनंद मिळतो, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण त्याच खर्चात तालुका क्रीडा संकुलावर एक टर्फ विकेट आणि पाण्याची सोय उभी राहू शकते. देणाऱ्याला तसं सांगायची हिंमत आपण क्लबवाल्यांनी दाखवली पाहिजे. मी दरवर्षी लेखी देतो.

मग करायचं काय, असं तुम्ही विचारलंय. पहिलं, राज्य संघटनेच्या संकेतस्थळावर घटना, वार्षिक अहवाल, निवड चाचण्यांच्या तारखा शोधा. जे नसेल ते लोकपालांकडे लेखी मागा, संघटनेला लोकपाल नेमणं बंधनकारक आहे. दुसरं, तुमच्या जिल्ह्यातली क्रीडा संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर तिथून परिशिष्ट-१ चा उतारा काढा. विश्वस्त कोण, शेवटचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) कधी दाखल झाला, लेखापरीक्षण अहवाल दिले का, सगळं त्यातून आणि सोबतच्या कागदांतून निघतं. अनेक ठिकाणी वारलेल्या माणसांची नावं अजून विश्वस्त म्हणून चालू असतात. तिथूनच चौकशी सुरू करता येते.

माहिती अधिकारावर फार भरवसा ठेवू नका. केंद्रीय माहिती आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये बीसीसीआयला माहिती अधिकाराखाली आणायचा आदेश दिला होता, तो न्यायालयात अडकला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि न्यायाधिकरण आहे, पण माहिती अधिकार सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांपुरताच ठेवला. बीसीसीआय सरकारचा पैसा घेत नाही. २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकणाऱ्या संस्थेला त्याची गरजही नाही. माझ्या मते हे कलम चुकीचं आहे. भारताच्या नावानं संघ उतरवणारी संस्था लोकांना उत्तर द्यायला बांधील असली पाहिजे, पैसा कुणाचाही असो.

आणि तिसरं, सगळ्यात आधी करायचं: तुमच्या तालुक्यातले चार-पाच क्लब एकत्र बसवा, जिल्हा संघटनेकडे संलग्नतेचा अर्ज एकाच दिवशी द्या आणि पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, इथेच विचारा, टाकतो.