सीबीडी (भांगेच्या झाडातलं, झिंग न आणणारं संयुग) घेतल्यावर भांगेची नशा उतरते का?

भरवसा ठेवू नका. नशा टीएचसीची (त्याच झाडातलं दुसरं संयुग), ते मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टरला, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागेला, चिकटतं. सीबीडी तिथे नीट बसतच नाही, म्हणून त्याची झिंग नाही. प्रयोगशाळेत ते टीएचसीचा जोर कमी करताना दिसलंय खरं, पण यकृतात तेच टीएचसीचं विघटन अडवतं. दोन्ही पोटात गेली तर नशा वाढूही शकते.

इंदूरच्या गेरमध्ये (रंगपंचमीच्या मिरवणुकीत) आमच्या भाच्याला भांगेच्या पहिल्या ठंडाईने काही होईना, म्हणून त्याने दुसरी ढोसली. दीड तासाने राजवाड्यापाशी भिंत धरून उभा! प्यायलेलं टीएचसी यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनतं. उशिरा चढतं, पण जोरात.

‘भांगेतली सगळी संयुगं मिळून गुण जास्त’ ही १९९८ पासूनची कल्पना, माझ्या मते पुराव्यापेक्षा जाहिरातीतच जास्त दिसते. आणि हो, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता सीबीडी नकोच.