जुन्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट कोडीला कसा जोडावा?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की, आपण रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रेएलेक ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवून कोडी हे चित्रपट-गाणी लावण्याचे सॉफ्टवेअर वापरता आणि रिमोटचे संकेत टिपणारा अवरक्त (इन्फ्रारेड) रिसीव्हरही जोडला आहे. परंतु घरात पडून असलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला कोडी दाद देत नाही. शिवाय त्याच्या लाल बटणाने सबटायटल्स चालू-बंद व्हावीत, अशी आपली इच्छा आहे. मी हेच काम आईसाठी केले होते. तिला मोबाईलवरचा रिमोट जमत नाही, ठळक बटणांचा जुनाच हवा असतो.

यात तक्ते दोन असतात, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. रिमोटमधून येणारा सांकेतिक अंक लिनक्सचे कर्नल (प्रणालीचा गाभा) वाचते आणि पहिल्या तक्त्यात पाहून त्याला एखाद्या कळीचे नाव देते. त्या कळीने काय करायचे, हे कोडी दुसऱ्या तक्त्यावरून ठरवते. मी दोन संध्याकाळी कोडीच्याच फाइलमध्ये फेरफार करत बसलो होतो, आणि अंक मात्र मुळात कर्नललाच ओळखता येत नव्हता.

म्हणून सुरुवात जोडणीपासून करावी. टीएसओपी ३८२३८ सारख्या रिसीव्हरला ३.३ व्होल्टच द्यावेत, कारण रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिना (बाहेरची उपकरणे जोडायच्या पिना) ५ व्होल्ट सहन करत नाहीत. कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-आयआर’ हा ओव्हरले, म्हणजे रिसीव्हर कोणत्या पिनेवर आहे हे सांगणारी नोंद, हवा. त्यातील १८ हा पिनेचा आकडा जीपीआयओच्या क्रमांकाचा असून पट्टीवर ती बारावी पिन असते, आणि गफलत बहुधा इथेच होते. रिमोटच जिवंत आहे का, हे मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहता येते: बटण दाबताच टोकाचा दिवा फिकट जांभळा लुकलुकतो.

आता अंक वाचायचे. (आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे देत आहे, टाइप मात्र रोमन लिपीत करावीत.) एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरून ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने कोडी आणि ‘इव्हेंटलर्कडी’ (रिमोटच्या कळी कोडीकडे पोचवणारी) या दोन्ही सेवा थांबवाव्यात, मग ‘आयआर-कीटेबल’ ही आज्ञा ‘पी’ पर्यायापुढे प्रोटोकॉल (रिमोटची संकेत पाठवण्याची पद्धत) आणि शेवटी ‘टी’ पर्याय देऊन चालवावी. माझा रिमोट एनईसी पद्धतीचा निघाला, म्हणजे प्रत्येक संदेशाच्या आरंभी ९ मिलिसेकंदांचा ठोका आणि ४.५ मिलिसेकंदांची विश्रांती. काहीच उमटले नाही, तर आरसी-५, आरसी-६ आणि सोनी हे प्रोटोकॉल करून पाहावेत. आरसी-५ मध्ये तेच बटण पुन्हा दाबताना ‘टॉगल’ ही खूण दर वेळी बदललेली दिसते, परंतु अंक तोच राहतो, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. आई एकेक बटण दाबत “हे मागे जायचं”, “हे थांबवायचं” असे सांगत गेली आणि मी वहीत अंक उतरवत गेलो. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

हे अंक ‘टॉमल’ प्रकारच्या (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये प्रोटोकॉलच्या नावासह लिहून ती ‘आरसी-कीमॅप्स’ फोल्डरमध्ये ठेवावी. कळींची नावे लिनक्सच्या ठरलेल्या यादीतलीच हवीत, मनाने रचलेली चालत नाहीत. ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ या पर्यायांनी जुना तक्ता पुसून नवा चढवावा आणि पुन्हा चाचणी घ्यावी. अंकाबरोबर कळीचे नावही उमटू लागले, की पहिला तक्ता जुळला. रास्पबेरी पाय बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही हा तक्ता टिकावा, यासाठी ‘आरसी-मॅप्स’च्या फाइलमध्ये दोन तारांकने आणि पुढे आपल्या फाइलचे नाव, अशी एक ओळ लिहावी लागते.

लाल बटणाचे काम दुसऱ्या तक्त्याचे. कोडीच्या ‘यूजरडेटा’मधील ‘कीमॅप्स’ फोल्डरमध्ये एक्सएमएल फाइल करून, पूर्ण पडद्यावरील व्हिडिओच्या विभागात, रिमोट या खुणेखाली ‘रेड’ला ‘शो-सबटायटल्स’ ही क्रिया द्यावी. हाताने लिहायचे नसेल, तर ‘कीमॅप एडिटर’ हे अॅड-ऑन तेवढेच काम करते.

आपल्या रिमोटवर टीव्हीसाठी शिकवता येणारी तीन-चार बटणे असतील, तर त्यांना हात लावू नये. ती टीव्हीचाच अंक पाठवतात, म्हणून चाचणीत ती गप्प राहिली तरी जोडणीत दोष आहे असे समजू नये. आईचे बोट बटणावर जरा रेंगाळते, त्यामुळे एका दाबात दोन पर्याय पुढे जात. ‘आयआर-कीटेबल’च्या मोठ्या लिपीतील ‘डी’ पर्यायाने पुनरावृत्तीपूर्वीचा अवधी मी ५०० वरून ८०० मिलिसेकंद केला आणि ती आज्ञा दर वेळी सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ‘ऑटोस्टार्ट’ फाइलमध्ये घातली, तेव्हापासून यादी तिच्या हाती थांबू लागली.