मुलीला जुलाब, सीआरपी २८. डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, हे बरोबर आहे का?

दीड वर्षाची मुलगी, दोन दिवस पाण्यासारखे जुलाब, उलट्या, अंग कोमट, आणि रिपोर्टमध्ये सीआरपी, म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, २८. मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. मुलीला न बघता पक्कं सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या डॉक्टरांचं मला पटतं.

आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. तुमचा आकडा लिटरमधला धरतो.

सीआरपी यकृतात बनतो. दाह सुरू झाल्यावर सहा-बारा तासांत चढू लागतो, सर्वांत वर जायला दीड-दोन दिवस लागतात. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. रोटाव्हायरसमध्ये तो बहुधा कमी राहतो, शिगेला किंवा साल्मोनेला हे जिवाणू असतील तर जास्त चढतो. पण मधल्या आकड्यांवरून काहीच ठरत नाही, आणि २८ त्यातलाच. अ‍ॅडेनोव्हायरस तर विषाणू असूनही सीआरपी भरपूर वाढवतो. प्रोकॅल्सिटोनिन ही अशीच दुसरी रक्ततपासणी; ते लवकर चढतं, पण महाग. साध्या जुलाबाला मी ते लिहून देत नाही. जिवाणू की विषाणू हे ठरवायला सीआरपी सरसकट वापरू नका, असं युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

मी आधी लंगोट बघतो. भसाभस पाणी जातंय, की थोडी थोडी शी, त्यात आव, रक्त, आणि पोर कुंथतंय? दुसरा प्रकार असेल तर अँटिबायोटिकचा विचार करावा लागतो, मग सीआरपी ५ का असेना.

सध्या प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली ओआरएस, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अख्खी पुडी एकदमच, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात नको. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, हे केमिस्टलाही कधीकधी सांगावं लागतं! झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस. अंगावरचं दूध, वरणभात चालू ठेवा.

उद्या परत सीआरपी काढायचा का, असंही विचारलंय. ती पितेय, लघवी होतेय, खेळतेय, तर उगाच सुई कशाला? मात्र सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू नाहीत, सुस्त पडून आहे, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.