डिमेन्शिया होम बघायला संध्याकाळी जा

ताई, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांना ठेवायचं होम निवडताना सकाळी अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर सगळं चकाचकच दिसणार, त्यापेक्षा न सांगता संध्याकाळी 5-6 ला जा, तेव्हाच बऱ्याच पेशंटची घालमेल वाढते, 'मला घरी जायचंय' सुरू होतं, आणि मावश्या हात धरून फिरवतात की ओरडून खाली बसवतात ते कळतं. सगळेच खुर्चीत पेंगत असतील तर झोपेच्या गोळ्यांचं थेट विचारा. रात्री किती जणांमागे एक माणूस असतो, वजन दर महिन्याला घेतात का, अंथरुणाला खिळलेल्यांना 2-2 तासांनी कुशीवर वळवतात का... माझ्या आईला पहिल्या ठिकाणी पडून पडून पाठीला जखम झाली, कुणी सांगितलंच नाही, अजून जीव तुटतो. आणि पुण्यात घर कोथरूडला असेल तर दुसऱ्या टोकाच्या वाघोलीचं नको, ट्रॅफिकमुळे भेटी कमी होतात हो.