आज्जीचा आवाज मोठा का

प्रिय सई,

रविवारी मराठी मंडळात पिक्चर बघून परत येताना तू गाडीत विचारलंस, "पिक्चरमधली ती कामवाली इचलकरंजीच्या आज्जीसारखी बोलते, म्हणून सगळे हसत होते का?" मी "अगं, ती विनोदी भूमिका आहे" म्हणून विषय संपवला. तू तो सोडून दिलास, मला मात्र रात्रभर टोचत राहिला. म्हणून हे पत्र. वाचायला अवघड गेलं तर बाबाला बसव शेजारी. पुण्याचा असला तरी सासूचं बोलणं त्याला आता कळतं.

तर हो, त्यासाठीच हसत होते. मीपण हसले. नटी चांगली होती, खोटं कशाला सांगू!

आज्जीचा आवाज एवढा मोठा का, ते आधी. आबांचा मागाचा कारखाना घराच्या भिंतीला लागूनच. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि माझ्या लहानपणापर्यंत आमच्या गल्लीत माग नसलेलं घर शोधावं लागायचं. एका कामगाराकडे चार माग. धोट्यातली कांडी, म्हणजे आडव्या सुताची गुंडाळी, संपली की माग थांबवून नवी घालायची, तोवर पलीकडच्याचा धागा तुटलेला. त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायलाच हवं. कोण कन्नड बोलणारा, कोण तेलुगू, कोण हिंदी, तेव्हा वाक्यं आखूड आणि खणखणीत. आज्जी ओसरीवर कांड्या भरत बसायची आणि तिथूनच विचारायची, "जेवलीस काय न्हाईस गं?" यात लाडीगोडीला जागा कुठे? मधेच लाईट जायची, सगळे माग एकदम बंद पडायचे, आणि निम्मी गल्ली आपापलं वाक्य त्याच आवाजात ओरडून पूर्ण करायची. कुणाच्या घरातलं काय चाललंय ते आम्हाला असं कळायचं.

तू शाळेबरोबर बर्नलीच्या गिरणीत गेली होतीस ना, माग दाखवतात तिथे? कान झाकून उभी होतीस म्हणालीस. इथल्या, इंग्लंडातल्या विणकर बायका गोंगाटात एकमेकींचे ओठ वाचायच्या, म्हणून तोंड मोठमोठं हलवून बोलायची त्यांना सवय लागली. आज्जीनं ओठांऐवजी घसा वापरला, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे तिचं "मी येतो", "मी जातो". आमच्याकडे बायका असंच बोलतात. पुण्याला होस्टेलवर गेल्यावर पोरी विचारायच्या, "तू मुलगा आहेस का गं?" दिवाळीला घरी गेले तेव्हा मी "येते", "जाते" म्हणायला लागले होते. आबा म्हणाले, "पुणेकरीण झाली काय आमची?" फार मोठं दुःख वगैरे नाही झालं मला, सोयीचंच पडलं. पण बघ, हे लिहितानासुद्धा हात आपोआप "सांगते" लिहितोय.

गंमत अशी, की मराठी सिनेमा आमच्याच बाजूला वाढला. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. तो मूकपट, त्यामुळे कुणाचा हेल हा प्रश्नच नव्हता. पुढं प्रभात कंपनीनं १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला, तोही कोल्हापुरातच. पण राजा बोलायचा नाटकातलं मराठी. वर्षभरानं कंपनी पुण्याला गेली. नंतर गावरान बोलणं पडद्यावर आलं, भरपूर आलं, पण कुणाच्या तोंडी? पाटलाच्या, त्याच्या गड्याच्या, नाहीतर हसवायला ठेवलेल्या मोलकरणीच्या. मला राग हेलाच्या नकलेचा नाही. आमचं बोलणं घेतलं आणि त्यामागचं काम टाकून दिलं, याचा आहे. आमच्यासारखं बोलणारी बाई पडद्यावर कांड्या भरताना, पगाराचा हिशोब करताना मी तरी पाहिलेली नाही.

२०१६ मध्ये 'सैराट' आला. करमाळ्याकडची भाषा, आमची नव्हे, अकलूजची पोरगी नायिका, आणि ती त्याच हेलात प्रेम करते, भांडते, ट्रॅक्टर चालवते. थिएटरात लोक हसलेच, पण तिच्या बाजूनं. आपण तो घरी लावला तेव्हा तू झोपली होतीस. शेवट भयंकर आहे, अजून थांब थोडी.

तुला मी आज्जीसारखं बोलायला लावणार नाही. तुझं मराठी बोल्टनचं आहे, इंग्रजी तर त्याहून. तू बसला 'बुस' म्हणतेस त्याला लंडनची आतेबहीण हसते तेव्हा तू तिला जे सुनावतेस ते आज्जीलाही आवडेल. फक्त फोनवर तिला "हळू बोल" म्हणू नकोस. की म्हण? तीच म्हणेल, "मग फोन कशाला केलास?"

मामा जुने माग काढून रॅपिअर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे नवे माग, घ्यायचं म्हणतोय. जुने भंगारात जातील, बहुतेक दिवाळीनंतर. जुलैत आपण जातोय तेव्हा चालू असतील. बघायचे असतील तर सांग, मामाला कळवते. नाहीतर पुण्याला बाबाबरोबर थांब, मी चार दिवस एकटी जाऊन येते.

तुझी,
आई